दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकायचं कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी वर्तकनगरला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलाय, चौदा वर्षं झाली. दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ आली की माझी धावपळ सुरू होते, कारण सीएनईचे म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या शिक्षणाचे पाच वर्षांत 150 तास भरायचे असतात. नियमाबद्दल तक्रार नाही, बरोबरच आहे तो. पण हे तास आमच्यासारख्यांनी भरायचे कधी?

मोठ्या हॉस्पिटलातल्या माझ्या मैत्रिणींना त्यांच्याच हॉलमध्ये लेक्चर असतं. आमच्याकडे सिस्टर एकच. मी सुट्टी मागितली की ड्रेसिंग कोण करणार म्हणून डॉक्टर गप्प होतात (माणूस चांगला आहे, पण त्यांचीही पंचाईत होते ना). मग एक दिवसाचा पगार कापला जातो, फी आपल्या खिशातून, वर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, आणि एवढं करून विषय काय तर व्हेंटिलेटरवरचा पेशंट. आमच्याकडे व्हेंटिलेटर सोडा, सक्शन मशीनसुद्धा नाही. चहा-बिस्किट खायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, घरी यायचं.

आणि जे रोज लागतं ते कोणी शिकवत नाही. मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. आमचे एक आजोबा, मुलगी घरी इन्सुलिन द्यायची, शुगर काही केल्या तीनशेच्या खाली येईना. मी तिला सिरिंज भरून दाखवायला सांगितलं, तिने 20 च्या रेषेपर्यंत भरली, डोस 20 चाच होता, मी म्हटलं बरोबर आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं की ताई बाटली 40 ची आहे, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट, आणि सिरिंज 100 च्या बाटलीची, केशरी टोपीची, 40 ला लाल टोपीची लागते. म्हणजे 20 च्या रेषेपर्यंत भरलं तरी अंगात जात होते फक्त 8 युनिट! मी हादरलेच. वाढवलेला डोस चालू असताना घरात लाल टोपीची सिरिंज आली असती तर तेवढाच डोस पुरा अंगात गेला असता आणि आजोबा शुगर उतरून पडले असते. चूक माझी होती, मी टोपीचा रंग बघितला नव्हता, कारण तो बघायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं आणि मी शिकले तेव्हा एवढे प्रकार हाताळायलाही मिळाले नव्हते.

अशा कितीतरी गोष्टी आहेत. लस 2 ते 8 डिग्रीत ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण हेपॅटायटिस बी किंवा डीपीटी एकदा गोठली की वाया गेली, म्हणून ती फ्रीजरच्या जाळीला चिकटवून ठेवायची नाही, हे कितीजणींना माहितीये? जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी जास्त दाखवतं. इंजेक्शननंतर पेशंटला रिअॅक्शन आली, श्वास अडकला, तर अॅड्रेनालिन मांडीत द्यायचं, ते कपाटात मागे कुठेतरी ठेवून चालत नाही. आणि ज्या दवाखान्यात बारावी झालेली मुलगीच सिस्टर म्हणून उभी असते तिथलं तर बोलायलाच नको.

माझं म्हणणं एवढंच की ठाणे मनपाने आपल्या आरोग्य केंद्रांमध्ये दवाखान्यातल्या सिस्टरसाठी वर्ग घ्यावेत, नर्सिंग कौन्सिलकडून तास मंजूर करून घेऊन, आणि दुपारी घ्यावेत. बहुतेक दवाखाने एकच्या सुमाराला बंद होतात आणि सहाला उघडतात, मधला वेळ आमचा असतो. दोन ते चार ठेवलं तर कोणाचा पगार कापायला नको. गुरुवार चालेल, आमचा तर गुरुवारी संध्याकाळीही बंद असतो.

एक सिस्टर,
वर्तकनगर, ठाणे