भूल देण्याआधीची दहा मिनिटे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. सर्जनचा हात चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याआधीच्या पंधरा तासांची.

'रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको' एवढे सांगून सगळे गेले. सकाळी आठचा नंबर दुपारी एकवर गेला. का, ते कोणी सांगितले नाही. संमतिपत्र इंग्रजीत आणि हाती पडले तेही सकाळी, 'इथे सही करा' म्हणून. त्यात मावशीचा फोन : अमक्याची भूल उतरलीच नाही म्हणे! (नातेवाइकांच्या या सेवेवर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.) मंगळसूत्र उतरवायला सांगितले तेव्हा आईला रडूच फुटले. बीपी इतके चढले की ऑपरेशन पुढे ढकलायची कुजबुज सुरू झाली.

तेवढ्यात भूलतज्ज्ञ बाई आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, कमरेत सुई देणार, मुंगी चावल्यासारखं होईल. मग पाय गरम आणि जड वाटतील. तुम्ही जाग्या असाल, ठोकल्याचा आवाज येईल, पण दुखणार नाही. थंडी वाजली तर सांगा, पांघरूण देऊ." मंगळसूत्र त्यांनी बाबांच्या हाती दिले : "बाहेर आल्या की आधी हे घाला." बाबा दोन तास शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसले होते. आई बाहेर आली ती सांगतच, "आत सुतारकाम चाललंय असं वाटत होतं गं."

एवढ्याने काय होते, असे वाटेल. ज्या बोस्टनच्या रुग्णालयात १८४६ साली ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली गेली, तिथेच पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर अभ्यास झाला. तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठे, किती दुखेल आणि तेव्हा काय करायचे हे भूलतज्ज्ञांनी ज्यांना नीट सांगितले होते, त्यांना वेदनाशामके जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. आपल्याकडे फिटनेसची तपासणी होते, पण तिथे प्रश्न रुग्णाला आणि उत्तरे कागदाला.

पाण्याचेही तसेच. एरवी पचनाची तक्रार नसलेल्या रुग्णाला भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, असे भूलतज्ज्ञांच्या संघटनांचेच नियम सांगतात. प्रत्येकाचे वेगळे असू शकते, ते डॉक्टरांनीच ठरवावे. पण नंबर लांबला तर निदान वॉर्डात येऊन 'दोन घोट घ्या' किंवा 'अजून नको' असे कोणी सांगायला हवे.

आईचा डावा गुडघा अजून व्हायचा आहे. या वेळी संमतिपत्र मराठीत आणि आदल्या दिवशी द्या, अशी लेखी विनंती मी रुग्णालयाकडे केली आहे. उत्तर आलेले नाही.

– एक वाचक, सांगली