हिमोफिलियाच्या मुलांसाठी आवाहन : गाडी हवी, बर्फाचा डबा हवा

दिवाळी आटोपली. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, भरू लागल्या, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचे तंबू पडले. हे आवाहन मंडई समित्यांना, नाट्यमंडळांना आणि दारात चारचाकी असलेल्या प्रत्येकाला आहे.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासून कमी असतो. ए प्रकारात फॅक्टर ८, बी प्रकारात फॅक्टर ९. ए प्रकार साधारण ५,००० मुलग्यांत एकाला होतो. खरचटण्यापेक्षा सांध्याच्या आत होणारा रक्तस्राव जास्त घातक. गुडघा गरम होऊन फुगतो. शक्यतो २ तासांत फॅक्टर, म्हणजे तोच घटक औषध म्हणून शिरेतून, मिळायला हवं. दरवेळी उशीर होत गेला, की सांधा कायमचा आखडतो.

सरकारी उपचार केंद्रांत फॅक्टर विनामूल्य मिळतं, म्हणून औषधासाठी आम्ही पैसे मागत नाही. अडतं ते गावापासून केंद्रापर्यंत. मोटरसायकलवर गुडघा वाकलेला राहतो, खड्ड्यागणिक दणका बसतो आणि स्राव वाढतो. चारचाकीत मागच्या सीटवर पाय लांब करून, खाली उशी देऊन न्यायचं. निघण्याआधी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवायचा. मालिश, बाम, गरम शेक, अ‍ॅस्पिरीन आणि कमरेतलं इंजेक्शन कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. त्या इंजेक्शननं स्नायूतही रक्त साचतं.

काही मुलांना घरी ठेवायला फॅक्टरच्या कुप्या मिळतात. त्या २ ते ८ अंशांत आणाव्या लागतात. इथंच हमखास चूक होते : कुपी थेट बर्फाला टेकते, गोठते आणि वाया जाते. बर्फाची पिशवी हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवा, मध्ये पुठ्ठा घाला, थर्मामीटर ठेवा. ताबा घेताना फॅक्टर ८ की ९, मुदत आणि कुप्यांची संख्या वाचून घ्या. २० किलोच्या मुलाला किलोमागे २५ युनिट सांगितले, तर ५०० युनिट, म्हणजे २५०च्या दोन कुप्या.

देणगी डिझेल, डबे आणि थर्मामीटरसाठीच खर्च होईल. नाटकाच्या दारात कुलूपबंद पेटी ठेवू द्या. मोजणी तुमचा एक आणि आमचा एक माणूस मिळून करेल, पावती तिथंच. रोख नसेल तर धान द्या, विकून आलेला पैसा त्याच वहीत चढेल. मुलाला रंगमंचावर उभं करून मात्र पैसे मागायचे नाहीत, हे आमच्याकडे पक्कं आहे.

गाडीवाल्यांनी मंडईतल्या आमच्या टेबलावर नाव, गाव आणि रात्री फोन उचलाल की नाही, एवढं लिहून द्यावं. रोवणीच्या दिवसांत नाले भरतात, तेव्हा नाल्याच्या दोन्ही काठांवर एकेक गाडी लागते.