व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांनाही बोलू द्या

महोदय,

आमच्या कॉलेजात बरीच मुलं खेड्यांतून एसटीनं येतात. शेवटच्या तासाला सगळ्यांचं लक्ष गाडीच्या वेळेकडे, चर्चा कुठली व्हायची? शिवाय प्रमाण भाषेत चुकलो तर हसं होईल ही धास्ती. म्हणून अर्थशास्त्राच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला आणि एका रात्री विचारलं : कापूस हमीभावानं विकावा की खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला? वर्गात मान वर न करणाऱ्या मुलीनं चक्क वऱ्हाडीत आवाजी संदेश पाठवला, "बाबानं घरूनच इकला सर, नगदी पैशाचं काम होतं." मग गट थांबेचना. हमीभावाचा धडा मीही इतका जिवंत शिकवला नव्हता.

फक्त अ‍ॅडमिननंच लिहायची सोय व्हॉट्सअ‍ॅपवर २०१८ मध्ये आली. ती अनेक कॉलेजांनी इतकी मनावर घेतली, की गटाचा सूचनाफलक झाला. 'सुप्रभात'च्या फुलांचा त्रास होतो, मान्य. पण त्यासाठी सगळ्यांचंच तोंड बंद?

काहींच्या घरी एकच फोन, तोही दिवसभर वावरात. त्यांच्यासाठी रात्रीची उत्तरं सकाळी वर्गात ऐकवतो. या सहभागाला गुण मात्र देत नाही.

– एक प्राध्यापक, दारव्हा (जि. यवतमाळ)