‘आर्काइव्हल’ म्हणून विकलेल्या पाकिटांमुळे जुन्या कार्यक्रमपत्रिका खराब झाल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पारदर्शक स्लीव्ह, ए४ माप, १०० नगांचे दोन पॅक. चुकीचं वर्णन आणि झालेलं नुकसान.

महोदय,

फेब्रुवारीत घेतलेल्या या पाकिटांच्या वेष्टनावर ‘पॉलिप्रॉपिलीन, ७५ मायक्रॉन, आम्लमुक्त, आर्काइव्हल (म्हणजे दीर्घकाळ जतनासाठी योग्य)’ असं छापलं आहे. पहिल्या दोन गोष्टी खोट्या निघाल्या. तिसरी कागदाला लागू पडते, प्लॅस्टिकबद्दल ती काहीच सांगत नाही. मग चौथीला काय अर्थ उरला?

पाकिटांत युरोपियन कम्युनिटी युथ ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे युरोपीय समुदायाच्या सदस्य देशांतल्या तरुण वादकांच्या वाद्यवृंदाच्या, दौऱ्यांच्या पत्रिका होत्या. १९७६ साली स्थापन झालेल्या आणि क्लाउडिओ अबाडो पहिले संगीत संचालक असलेल्या या वाद्यवृंदात दरवर्षी नव्याने ऑडिशन होते, त्यामुळे वादकांची यादी हाच पत्रिकेचा जीव. यादीतल्या देशांवरून प्रत पारखता येते : सुरुवातीला सदस्य देश नऊ, १९८१ ला ग्रीस आला, १९८६ ला स्पेन आणि पोर्तुगाल. मुखपृष्ठावर ‘कम्युनिटी’ऐवजी ‘युनियन’ असेल आणि साल १९७८ असेल, तर ती प्रत नंतर छापलेली, कारण ‘युनियन’ हे नाव नंतरचं. असं एकेक पान तपासून जमवलेला हा संग्रह आहे, बाजारातून पुन्हा विकत आणता येईल असा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाट उघडलं तेव्हा नव्या रेनकोटसारखा वास आला. पाकिटं आतून चिकट झाली होती. सहा पत्रिकांची गुळगुळीत मुखपृष्ठं प्लॅस्टिकला चिकटली आहेत. एका प्रतीत यादीचंच पान वर ठेवलं होतं. त्यावर चेलोवादकांच्या रकान्याशेजारी निळ्या बॉलपेनची सही होती. ती आता पाकिटाच्या आतल्या बाजूला उलटी उमटली आहे आणि कागदावर फक्त पेनाचा दाब उरला आहे. दुसऱ्या प्रतीत ऐनवेळी बदललेल्या रचनेची सुटी चिठ्ठी होती. अशा चिठ्ठ्या लोक सभागृहातच टाकून देतात, म्हणून त्या पत्रिकेहूनही दुर्मिळ. तीही चिकटली आहे.

आम्ही न वापरलेलं पाकीट तपासलं. नखाएवढा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने दाबून सोडला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. हा तुकडा तळाशी बसला. पण पॉलिएस्टरही बुडतं आणि ते संग्रहासाठी उत्तम असतं, म्हणून दुसरी चाचणी केली. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, प्लॅस्टिकला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली, म्हणजे क्लोरीन आहे. दोन्ही मिळून निष्कर्ष एकच : हे पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक आहे. मऊपणासाठी घातलेलं प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि शाई, कोटिंग विरघळवतं. उष्णतेने हे काम लवकर होतं.

जाडीचंही तेच. दहा पाकिटं म्हणजे वीस थर, ७५ मायक्रॉनने १.५ मिमी भरायला हवे होते. स्क्रू गेजवर १ मिमी भरले, म्हणजे थराला ५० मायक्रॉन. शिवाय गोंदाची पट्टी झाकणावर आहे, त्यामुळे पत्रिका बाहेर काढताना तिची कड पट्टीला लागून फाटते. ही पट्टी पाकिटाच्या मागच्या अंगाला हवी. ही साधी गोष्ट बनवणाऱ्याला ठाऊक असायलाच हवी.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘उन्हात ठेवलं असेल’ असं सांगितलं. पत्रिका बंद लोखंडी कपाटात, उभ्या, सैल ठेवलेल्या होत्या. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार जातो, हे खरं. पण आपल्याच वेष्टनावर ‘उष्ण हवामानासाठी योग्य’ असं छापलं आहे. आणि त्याच कपाटात, त्याच महिन्यांत, जुन्या पॉलिएस्टरच्या पाकिटांतल्या पत्रिकांना काहीही झालेलं नाही.

आमच्या मागण्या : दोन्ही पॅकचे पूर्ण पैसे परत मिळावेत. या बॅचची विक्री थांबवून आधीच्या ग्राहकांना कळवावं, कारण कुणाचे तरी लग्नाचे फोटोही यात असतील. या मालाचा आयएसओ १८९१६ चाचणीचा (फोटो ठेवायच्या वेष्टनांचा फोटोवर वाईट परिणाम होतो का, हे पाहणारी चाचणी) अहवाल असल्यास त्याची प्रत द्यावी, नसल्यास ‘आर्काइव्हल’ हा शब्द काढावा. सहा पत्रिकांच्या भरपाईबद्दल लेखी उत्तर द्यावं. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. ग्राहक राहतो तिथेच ती करता येते.

बिल, बॅच क्रमांकाचा फोटो आणि दोन कोरी पाकिटं सोबत जोडली आहेत. चिकटलेल्या पत्रिका आम्ही सोडवलेल्या नाहीत. ओढल्या तर छपाईचा थर प्लॅस्टिकबरोबर निघून येईल. पाहणीसाठी माणूस पाठवणार असाल तर त्याला सांगून ठेवा : पाकिटाच्या बंद कडा कापूनच ती उघडायची, आणि तेही आमच्यासमोर.

आपले,
कार्यक्रमपत्रिका संग्राहक, सोलापूर