आधी पाळीच्या तारखा विचारणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी लांबणारा बीजकोशांचा आजार) म्हटलं की बहुतेकींच्या हातात सोनोग्राफीचा कागद असतो आणि डोक्यात ‘गाठी’. तुम्ही तो कागद बाजूला ठेवून वर्षभरातल्या पाळीच्या तारखा मागता, याचे आधी आभार. दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून जास्त अंतर आणि हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एवढं असलं तर निदानाला सोनोग्राफी लागतच नाही. मात्र थायरॉइडचा बिघाड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वगैरे कारणं आधी वगळायची. सोनोग्राफीत दिसतात ती वाढ अर्ध्यावर थांबलेली २ ते ९ मिलिमीटरची फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या. ती कापून काढायची नसतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षंही न झालेल्या मुलींना तर तुम्ही या तपासणीला पाठवतच नाही, कारण त्या वयात निरोगी बीजकोशही तसेच दिसतात.

सगळ्यात मोठे आभार ९० दिवसांच्या नियमाबद्दल. ‘पाळी नाही आली, बरंच झालं, कटकट वाचली’ असं म्हणणाऱ्या कमी नाहीत. बीज सुटलं नाही की अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तयार होत नाही, अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन मात्र चालूच राहतं, आणि गर्भाशयाचं अस्तर न गळता जाड होत जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्याच अस्तरात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवस उलटले की तुमच्याकडे यायचं. आधी प्रेग्नन्सी टेस्ट (पाळी चुकते म्हणून दिवस राहणार नाहीत, असं मुळीच नाही), ती निगेटिव्ह आली तर प्रोजेस्टेरॉनचा कोर्स. गोळ्या संपल्यावर साधारण आठवड्याभरात रक्तस्राव होतो.

मेटफॉर्मिन या इन्सुलिन आटोक्यात आणणाऱ्या गोळीचंही तसंच. पहिल्याच दिवसापासून पूर्ण डोस घेतला की जुलाब, मळमळ, आणि मग गोळी कायमची बंद. तुम्ही ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी जेवणासोबत सुरू करता, एक-दोन आठवड्यांनी पुढचे ५०० वाढवता. तरी पोट बिघडलं तर सावकाश विरघळणारी गोळी देता. बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ तपासायला विसरत नाही. ही गोळी का, तेही सांगता: रक्तात इन्सुलिन चढं राहिलं की बीजकोश टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतात, आणि त्याला बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. हे बारीक बाईलाही होतं. त्यामुळे ‘तुझं वजन तर ठीक आहे’ म्हणून तिला परत न पाठवता तिचीही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासता. उपाशीपोटीची साखर नॉर्मल असली तरी इथे बिघाड सापडू शकतो.

व्यायामाचं थोडक्यात: आठवड्याला किमान १५० मिनिटं, त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे प्रकार. वजनाचा काटा हलला नाही तरी इन्सुलिनचं काम सुधारतं, हे तुम्ही सांगता म्हणून पुष्कळजणी टिकून राहतात.

आणि चेहऱ्यावरच्या केसांबाबत खोटी आशा दाखवत नाही, तेही फार बरं. औषधाचा फरक दिसायला सहा महिने लागतात, आधी उगवलेला राठ केस गोळीने गळत नाही. तोवर थ्रेडिंग किंवा लेझर खुशाल करा म्हणता. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी लिहून देताना गर्भनिरोधनाची ओळ त्याच चिठ्ठीवर, ठळक अक्षरात असते, कारण ती पोटातल्या बाळाला बाधू शकते.

आपल्या,
ओपीडीतल्या पेशंट