साखळीला बांधलेला कारवान

महोदय,

देशी कुत्री पाळा, असे आवाहन अलीकडे वारंवार होते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या उत्साहात शहरातील काही कुटुंबे आपल्या दख्खनचा कारवान, ज्याला कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात, घरी आणतात आणि दारात साखळीला बांधून त्याच्याकडून राखणदारीची अपेक्षा करतात, याची काळजी वाटते.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर धावणारा. निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि खांद्यापाशी सुमारे ७० सेंमी उंची. आखूड केसांचा तो कारवान. कान, पाय व शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी, आणि अस्सल पश्मी आता आमच्या लातूर भागातही शोधावा लागतो. मुधोळचे मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जपली, २००५ मध्ये टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. मान मिळाला, समज मात्र रुजली नाही. धडधाकट कारवानाच्या शेवटच्या बरगड्या दिसतातच, तरीही येणारा प्रत्येक पाहुणा मला ‘याला खायला घालता की नाही?’ असे विचारतो.

त्याला रोज मोकळ्या पण कुंपण असलेल्या जागेत पळायला हवे. मांजर पळताना दिसले की हाक त्याच्या कानात शिरत नाही, त्यामुळे रस्त्यावर त्याला मोकळे सोडणे धोक्याचे. आणि सशामागे सोडणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जाड गोधडी अंथरावी.

कातडी इतकी पातळ, की तारेला घासून माझ्या कुत्रीची मांडी वीतभर फाटली. टाके घालण्यापूर्वी तिची जात डॉक्टरांना सांगायची राहून गेली, ही चूक माझीच. अंगावर चरबी नसल्याने आणि यकृतात काही औषधांचा निचरा सावकाश होत असल्याने थायोपेंटोनसारखी भूल नजरेवर धावणाऱ्या या वर्गातील कुत्र्यांना उतरायला फार वेळ लागतो. ती दुसऱ्या दिवशी दुपारी कशीबशी उभी राहिली. कारवान पाळणाऱ्यांनी ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आपला,
एक पश्मीपालक, लातूर