मंत्रिमहोदय, आधी झिरे मोजा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला केळीवाला. पत्र बेडकाबद्दल आहे. हसू आलं तरी शेवटपर्यंत वाचा.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, कोलोरॅडो नदीच्या अंगानं असलेल्या झऱ्यांवर एक ठिपकेदार बेडूक जगतो, रेलिक्ट लेपर्ड फ्रॉग. हूवर धरणाच्या पाण्यात नदीकाठ बुडाले, झऱ्यांचं पाणी शेतीकडे, वस्त्यांकडे गेलं. 1950च्या दशकानंतर बेडूक संपला असंच सगळे धरून चालले. 1991 साली लेक मीडच्या, म्हणजे त्याच धरणाच्या जलाशयाच्या, परिसरातल्या मोजक्या झऱ्यांत तो पुन्हा सापडला. कुणीतरी जाऊन बघितलं म्हणून! पुढे त्यातल्याही दोन जागा रिकाम्या झाल्या. डबक्यांत पाणगवत इतकं माजलं की उघडं पाणीच उरलं नाही. म्हणजे झऱ्याला तारेचं कुंपण घालून फलक ठोकला की काम झालं, असं नाही. आता तिथं अंडी गोळा करून पिल्लं वाढवतात आणि दुसऱ्या झऱ्यांत सोडतात.

आपल्याकडे लोक उनपदेवचं गरम पाणी बघायला जातात. सातपुड्याच्या पायथ्याचे बिननावाचे झिरे, म्हणजे छोटे झरे, मात्र गुराख्यांनाच ठाऊक. लहानपणी गुरं चारताना आम्ही ज्या झिऱ्याचं पाणी ओंजळीनं प्यायचो, तिथं भर मे महिन्यात बेडूक असायचे. आता तो होळीलाच आटतो. दोष कुणाला देऊ? खाली माझीच बोअर चालू असते. पाऊस लांबला की गावात धोंड्या काढतात, म्हणजे बेडूक घेऊन दारोदार पाऊस मागत फिरतात. त्यासाठी बेडूक शोधत पोरांना पूर्वी एवढं हिंडावं लागत नसे.

2002च्या जैवविविधता कायद्यानं गावाला तिथल्या झाडं-प्राण्यांची नोंदवही दिली. आमच्या नोंदवहीत वड आहे, मोर आहे. झिरा नाही, बेडूक तर नाहीच.

तेव्हा मागणं एवढंच. येत्या उन्हाळ्यात वनरक्षकांना पावरा, तडवी आदिवासी गुराख्यांसोबत डोंगरात पाठवा आणि पाणी टिकलेला प्रत्येक झिरा नकाशावर घ्या. पावसाळ्यात तिथं कोण ओरडतं, तेही लिहून ठेवा. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदता येत नाही, तेच बंधन झिऱ्यांनाही लावा. माझी बोअर त्यात आली तर येऊ द्या, घरी शिव्या खाईन.

मे महिन्यात या, झिरा मी दाखवतो. फक्त पहाटेच निघू. दहानंतर आमच्याकडे डोंगर चढवत नाही.

आपला,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक